बाजू बदलायचा शनिवार

माझी जीभ वाईट आहे आणि बरीच वर्षं मला तिचा अभिमान होता. आमच्या घरात ती सगळ्यांनाच होती, एका आईला नव्हती, म्हणून आई गप्प असे. वडील मिशनच्या शाळेत हेडमास्तर, चर्चच्या पंचमंडळात पुढे बसणारे. जेवताना कुणी काही मत मांडलं की घास हातात तसाच धरून ते विचारत, "हे तुला कुणी सांगितलं?" या प्रश्नाला कुठलंही उत्तर दिलं तरी माणूस हरतोच. या घरात निवांत जेवायचं तर आधी दुसऱ्या कुणाला तरी गप्प करायला पाहिजे, हे मी पाचवी-सहावीतच शिकले. भावाला मी त्याच्या गणितावरून गप्प करायची, आत्याला तिच्या मोडलेल्या लग्नावरून. आत्या एकदा ताटावरून उठून गेली तेव्हा वडील मोठ्यानं हसले आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला मिळालेलं पहिलं बक्षीस ते.

पुढे मी कोल्हारजवळच्या एका हायस्कूलमध्ये मराठी आणि इतिहास शिकवायला लागले आणि मुख्याध्यापकांनी वादविवाद स्पर्धेचं काम माझ्या गळ्यात घातलं. त्यांना वाटलं मी कुरकुर करीन. चार वर्षं सलग ढाल आमच्या शाळेत आली. मुद्द्यांवर मी फारसा वेळ घालवत नसे, कारण मुद्दे सगळ्यांकडे तेच असतात. मोबाईल शाप की वरदान, यात नवं काय निघणार? मी मुलींना समोरच्याकडे बघायला शिकवायची. कुठल्या शब्दाला अडखळते, उच्चार कुठले आहेत, बोलताना ओढणी चाचपते का. सभागृह एकदा हसलं की परीक्षक हसतात आणि हसलेला परीक्षक मार्क देतो.

दहा वर्षं झाली असतील, जिल्ह्याची फेरी आमच्याच शाळेत होती. कर्जतकडच्या एका शाळेची मुलगी पहाटेची एसटी धरून आली होती. तिचे मुद्दे चांगले होते, पण काही अक्षरांपाशी ती अडखळायची, आणि 'म' त्यातलंच एक. माझ्या वर्गातली मुलगी उत्तर द्यायला उभी राहिली आणि पहिल्याच वाक्याला तिनं त्या मुलीची हुबेहूब नक्कल केली. म्हणाली, हिचं म्हणणं संपेपर्यंत माझ्या मोबाईलची बॅटरी संपली. सगळा हॉल हसला. ते वाक्य माझं होतं. पाच मिनिटांपूर्वी मीच तिच्या कानात सांगितलं होतं. कर्जतची मुलगी खाली बसली, मान वर न करता वही पिशवीत घातली, आणि निकाल लागायच्या आत तिच्या बाई तिला घेऊन स्टँडवर निघून गेल्या.

परीक्षकांत साखर कारखान्यातून चीफ केमिस्ट म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. गाव त्यांना केमिस्ट साहेब म्हणे. ते ज्यू आहेत हे कोल्हारात सगळ्यांना माहीत होतं आणि ज्यू म्हणजे काय हे जवळजवळ कुणालाच माहीत नव्हतं. कुणी त्यांना पारशी समजे, कुणी आमच्यातलाच एखादा पंथ. त्यांनी माझ्या मुलीला खंडनात शून्य दिलं होतं. ढाल गेली. मी सगळ्यांसमोर त्यांच्या टेबलाशी गेले आणि तोंड सोडलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही, आणि मग म्हणाले, "तुमच्या मुलीनं समोरच्या मुलीचं म्हणणं काय होतं ते एकदाही सांगितलं नाही, बाई. मग तिनं खोडलं काय?"

मला उत्तर सुचत नाही असं सहसा होत नसे, म्हणून मी आणखी चिडले. ते उठले, छत्री काखेत घेतली, आणि म्हणाले की भांडायची हौस असेल तर शनिवारी दुपारी घरी या, मात्र चहा मिळणार नाही.

शनिवारी आमची सकाळची शाळा असते. साडेअकराला सुटल्यावर मी थेट त्यांच्या घरी गेले, त्यांना धडा शिकवायला. नगर-मनमाड रस्त्याच्या आत, नदीच्या अंगाला दोन खोल्यांचं घर. दाराच्या चौकटीला बोटाएवढी पितळी नळी तिरकी ठोकलेली; आत त्यांच्या प्रार्थनेची गुंडाळी असते हे मला नंतर कळलं. आत एक टेबल, दोन खुर्च्या, एक जाड पुस्तक. दुसरी खुर्ची त्यांच्या बायकोची होती. ती आदल्या वर्षी वारली होती. शनिवार हा त्यांचा विसाव्याचा दिवस. त्या दिवशी ते गॅस पेटवत नसत, लिहीत नसत, फोन उचलत नसत. घरकामाला येणारी मावशी शुक्रवारीच स्वयंपाक करून ठेवायची. चहाऐवजी त्यांनी मला काळ्या मनुका भिजवून, कुस्करून केलेलं सरबत दिलं आणि ते अलिबागकडच्या आपल्या गावाबद्दल बोलले. पूर्वज तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. मराठी माझ्याइतकीच त्यांची. मग त्यांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं आणि सांगितलं की त्यांच्यात एकट्यानं वाचलेलं वाचन धरत नाहीत. दोन माणसं, एक पुस्तक, आणि प्रत्येक ओळीवर भांडण. त्याला त्यांच्या धर्मभाषेत हव्रुता म्हणतात, म्हणजे सोबत. एकेचाळीस वर्षं ते दर शनिवारी बायकोशी असे भांडले होते.

त्या दिवशीची ओळ अगदी साधी होती. कुणाचं हरवलेलं जनावर वाटेत सापडलं तर ते त्याला परत करावं. ख्रिस्ती घरात वाढल्यामुळे मलाही ती पाठ होती. मी म्हटलं, यात वाद कसला?

ते म्हणाले, शेळी सापडली, मालक कळत नाही. ती तुमच्या दारात व्याली. दूध कुणाचं? करडं कुणाची? किती दिवस सांभाळायची? आणि मालक सापडला, पण तो तिला उद्याच कसायाकडे नेणार हे तुम्हाला ठाऊक असेल, तर?

मी म्हटलं, दूध सांभाळणाऱ्याचं. ते म्हणाले, मालकाचं, आणि त्याची कारणं सांगितली. मी लगेच तुटून पडणार, तर त्यांनी हात वर केला. आधी माझं म्हणणं सांगा. मी सांगितलं. ते म्हणाले, अर्धं सांगितलंत. पुन्हा सांगितलं. पुन्हा अर्धं. चौथ्या वेळेला ते खुर्चीत पुढे सरकले आणि म्हणाले, "हो, हेच. आता खोडा." पण तोवर त्यांचं म्हणणं मला निम्मं पटलं होतं, आणि खोडायला घेतलेला मुद्दा मलाच लंगडा वाटायला लागला होता. मग त्यांनी माझी बाजू मांडून दाखवली. ती माझ्यापेक्षा त्यांनी चांगली मांडली. मला न सापडलेलं त्यातलं एक कारण त्यांनी शोधून काढलं, मला दिलं, आणि मग ते मोडलं. मी घरी आले तेव्हा डोकं दुखत होतं आणि बरं वाटत होतं.

तिसऱ्या का चौथ्या शनिवारी मी सवयीनं म्हणून गेले, कारखान्यात मळी मोजण्यात जन्म गेलेल्या माणसाला शेळीतलं काय कळणार? ते माझा अर्धा भरलेला पेला उचलून आत घेऊन गेले. पाचेक मिनिटांनी रिकाम्या हातानं परत आले, बसले, आणि म्हणाले, "आता पुन्हा." नंतर त्यांनी सांगितलं की भांडण म्हणण्याशी असतं; माणूस मध्ये आला की त्या दिवसाचं शिकणं संपलं. चारचौघांत माणसाचा चेहरा उतरवणं हे त्यांच्याकडे रक्त सांडण्याइतकं पाप मानतात. कर्जतच्या मुलीचं त्यांनी नाव काढलं नाही. मला मात्र ती मान खाली घातलेली दिसली.

आणखी एक रीत त्यांच्याकडे होती. ती शास्त्रातली की त्यांच्या वडिलांची, हे त्यांनाही नक्की सांगता येत नव्हतं. एका शनिवारी वाद झाला की दुसऱ्या शनिवारी बाजू बदलायच्या. जिंकणाऱ्यानं हरलेली बाजू घ्यायची आणि स्वतःच्याच जिंकलेल्या मुद्द्याला तडा द्यायचा. त्यानंतर काय उरतं ते खरं. एकाच शनिवारावर त्यांच्या घरात काहीही ठरत नसे, मुलाचं कॉलेज नाही की घराचा रंग नाही. आणि हरलेल्याचं म्हणणं फेकून द्यायचं नाही, ते लक्षात ठेवायचं. त्यांच्या जुन्या पंडितांचे हरलेले मुद्देसुद्धा जिंकलेल्यांच्या शेजारी लिहून ठेवलेले आहेत, असं ते मोठ्या समाधानानं सांगायचे.

अडीच वर्षं मी गेले. त्यांना मी साहेब म्हणायची सोडून काका म्हणायला लागले. ते मला शेवटपर्यंत बाई आणि तुम्हीच म्हणत. या अडीच वर्षांत मी एकदाही जिंकले नाही. "याला माझ्याकडं आज उत्तर नाही," असं म्हणून तिथं हार मान्य करायची पद्धत होती आणि हे वाक्य दर वेळी माझ्याच वाट्याला यायचं. नवरा म्हणायचा, शनिवारी संध्याकाळी तू बरी असतेस. इतर सहा दिवस तो माझ्याशी वाद घालायचं कधीच सोडून बसला होता. मी बोलले की तो टीव्हीचा आवाज एक घर वाढवी.

मी बदलले असं कुणी समजू नये. शाळेत मी तीच होते. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहायची आणि मला त्याचं काही वाटत नसे. एक जागा अशी होती की जिथं माझं वाक्य शेवटपर्यंत ऐकलं जाई आणि मग मला ते सुधारून परत मिळे. तेवढं मला पुरत होतं, आणि ते पुरतंय हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. काकांनाही नाही.

त्या पावसाळ्याच्या शेवटी काका अंगणात घसरून पडले. मोडलं काही नाही, पण दोन तास तसेच पडून होते. त्यांचा मुलगा बायका-मुलांसह इस्रायलमध्ये स्थायिक होता. त्यानं या खेपेला हट्टच धरला की आता इकडे या. काकांनी त्याला महिनाअखेर सांगतो म्हटलं. शनिवारी मी गेले तर टेबलावर पुस्तक नव्हतं. म्हणाले, आज हाच विषय. तुम्ही जाण्याच्या बाजूनं बोला, मी राहण्याच्या. पुढच्या शनिवारी बदलू. मग ठरवतो.

मी विचारलं, "आणि मला स्वतःला काय वाटतं?"

"ते बाजू बदलून झाल्यावर विचारीन," ते म्हणाले.

मला ते जायला नको होते. इतकं साधं होतं ते. पण मला बाजू मिळाली होती, आणि बाजू मिळाली की माझ्या अंगात जे येतं ते आलं. मी मुलाची माया मांडली, दवाखाना मांडला, दोन तास मातीत पडणं मांडलं. सामुदायिक प्रार्थनेला त्यांच्यात दहा पुरुष लागतात. मी म्हटलं, इथं तुम्ही इतकी वर्षं एकटेच पुटपुटताय, तिथं हाकेसरशी दहा जण येतील. बायकोची कबर इथं आहे असं ते म्हणाले, तर मी म्हटलं ती पुण्याला आहे, वर्षातून एकदा जाता, वर्षातून एकदा तिकडूनही येता येईल. प्रत्येक मुद्दा त्यांनी शांतपणे घेतला, नीट उच्चारला, आणि बाजूला ठेवला. नेहमीसारखे ते जिंकत चालले होते.

शेवटी त्यांनी आपलं खरं कारण काढलं. म्हणाले, तिथं घर मिळेल, औषध मिळेल, माणसं मिळतील. समोर बसून भांडणारं माणूस मिळणार नाही. भांडायला भाषा पोटातून यावी लागते. बायको होती तोवर ती होती, आता तुम्ही आहात. तेवढ्यासाठी मी राहतो.

नियमाप्रमाणे मी ते आधी उच्चारलं. "तुमचं म्हणणं असं, की मी इथं आहे म्हणून तुम्ही इथं राहायचं."

"हो, हेच."

"मग ऐका. मी तुमच्याकडं भांडायला येत नाही, काका. तुम्ही एकटे आहात, जेवता की नाही कळत नाही, तुमची कीव येते, म्हणून येते. घर शाळेच्या वाटेवर आहे. ज्या शनिवारी मला दुसरं काम निघेल त्या शनिवारी येणार नाही. एवढ्यावर तुम्ही राहणार?"

यातलं एक अक्षर खरं नव्हतं. पण ते नेमकं बसलं. त्यांनी त्या दिवशी माझा पेला उचलला नाही. मग ते म्हणाले, "याला माझ्याकडं आज उत्तर नाही."

मला काय वाटलं ते लपवत नाही. आनंद झाला. अडीच वर्षांत पहिल्यांदा त्यांना गप्प केलं होतं. स्टँडवर रिक्षाची वाट बघताना मी स्वतःशी हसत होते. घरी गेल्यावर नवऱ्याला सांगितलं की आज काकांना पाणी पाजलं. त्यानं कशावरून ते विचारलं. मी सगळं सांगितल्यावर त्यानं टीव्ही बंद केला आणि विचारलं, असं बोललीस त्यांना? मी म्हटलं, वादातलं होतं ते, पुढच्या शनिवारी मीच खोडणार आहे.

आणि खोडायला काय लागणार हे मला बुधवारपर्यंत पक्कं कळलं होतं. मला एवढंच म्हणायचं होतं की मी खोटं बोलले. मी कीव करून येत नाही; या अख्ख्या तालुक्यात माझं बोलणं ऐकून घेणारी दुसरी जागा नाही म्हणून येते. जाऊ नका. तीन वाक्यं. मी ती अंघोळ करताना म्हणून बघितली, शाळेत पाठमोरी फळ्याकडे तोंड करून मनातल्या मनात म्हणून बघितली, आणि दर वेळी मला वडिलांचं हसू ऐकू आलं. आयुष्यात एक वाद असा जिंकले होते, आणि तो मोडायचा तर आधी मला भिकाऱ्यासारखं त्यांच्यासमोर उभं राहावं लागणार होतं.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी घरी आले आणि पडदे धुतले. मळलेले नव्हते.

सोमवारी बाजारात त्यांच्याकडची मावशी भेटली. ती डबे न्यायला शनिवारी दुपारी त्यांच्याकडे गेली होती. म्हणाली, "बाई, बाबांनी दोन खुर्च्या मांडल्या हुत्या. लई येळ वाट बघितली. मंग एकलेच बोलाया लागले. आदी ह्या खुर्चीत बसून, मंग त्या खुर्चीत. त्या खुर्चीत तर तुमच्यावानी हात हालवून बोलत हुते. म्या म्हनलं, म्हाताऱ्याला येड लागलं का काय." ती हसली. मीही हसले. कोथिंबिरीची जुडी घेतली आणि पुढे गेले.

त्याच्या पुढच्या शनिवारी सोनईला मावसबहिणीच्या मुलीचा साखरपुडा होता. जायलाच पाहिजे असं काही नव्हतं. गेले. जेवणात तिथल्या जावयाच्या टकलावरून सगळ्यांना इतकं हसवलं की वरमाय डोळे पुसत होती.

तिसऱ्या शनिवारी मी काकांकडे गेले तेव्हा ठरलेलं होतं. त्यांनी मुलाला हो म्हणून कळवलं होतं. टेबलावर पुस्तक होतं, सरबत होतं, सगळं नेहमीसारखं. मी का आले नाही हे त्यांनी विचारलं नाही, कारण तेही माणसाबद्दल विचारणं झालं असतं. माझ्या जिभेवर ती तीन वाक्यं होती. मी म्हटलं, "बरं झालं, काका. योग्यच केलंत." त्यांनी मान हलवली आणि पुस्तक माझ्याकडे सरकवलं. त्या दिवशी कुठली ओळ होती ते मला आठवत नाही.

जायच्या आधी निवृत्त मंडळींनी त्यांचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, फुलांचा गुच्छ. बोलायला मलाच उभं केलं, कारण गावात मी चांगली बोलते असा लौकिक होता. मी बोलले. काकांना भांडायची इतकी हौस की देशच सोडून चाललेत, इथं कुणी पुरं पडेना, असं काहीतरी म्हटलं. लोक खूप हसले. काका पहिल्या रांगेत शाल मांडीवर घेऊन बसले होते आणि माझ्याकडे लक्ष देऊन बघत होते, वादात बघायचे तसंच, माझं वाक्य कुठं संपतंय याची वाट बघत. मी भाषण टाळ्यांवर संपवलं.

तिकडून ते रविवारी फोन करायचे. आमच्याकडे दुपार असायची, त्यांच्याकडे सकाळ. पहिले काही महिने ते उत्साहानं सांगायचे. घर तिसऱ्या मजल्यावर आहे. प्रार्थनेची जागा खालच्याच गल्लीत, दहा काय, चाळीस जण जमतात. मग हळूहळू बोलणं कमी झालं. नातवंडांना मराठी येत नाही. मराठी बोलणारी आपली माणसं आहेत, पण बसनं दीड तास लागतो, आणि भेटली की पोहे आणि गावच्या आठवणी, त्यापुढे गाडी जात नाही. त्यांची स्वतःची हिब्रू प्रार्थनेपुरती. बोलायला गेलं की लहान मुलासारखी निघते.

शेजारचा एक तरुण शनिवारी त्यांच्यासमोर पुस्तक घेऊन बसायला लागला होता. फार चांगला मुलगा, ते म्हणाले. खुर्ची देतो, पाणी आणून देतो. मी काही म्हटलं की 'बरोबर आहे, आजोबा' म्हणतो. चुकीचं म्हटलं तरी बरोबर म्हणतो. एकदा मुद्दाम शुद्ध मूर्खपणाचं बोललो, तरी बरोबर. मग म्हणाले, "लहान मुलाशी कोण भांडतं, बाई?"

त्या रात्रीपासून मला नीट झोप लागली नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. झोप लागत होती. पण शनिवारी शाळा सुटायची वेळ झाली की मी वर्गातल्या मुलींवर विनाकारण ओरडायची. ते गेल्याला वर्ष होत आलं तेव्हा एका रविवारी त्यांचा आवाज फार बारीक आला. छातीत पाणी झालं होतं म्हणाले, आता बरं आहे. आमचं नीट असं शेवटचं बोलणं तेच. मी गच्चीवर वाळवण राखत बसले होते. का कोण जाणे, त्या दिवशी मला वडिलांचं हसू ऐकू आलं नाही.

मी म्हटलं, "काका, माझी बाजू बदलायची राहिली होती. मी कीव करून येत नव्हते. मी खोटं बोलले. मला दुसरी जागाच नव्हती."

पलीकडे ते जरा हसल्यासारखे झाले. "ते मला त्याच दिवशी माहीत होतं. उत्तरही तयार होतं. पुढच्या शनिवारी तुम्ही ते म्हणाल म्हणून मी बोललो नाही. बाजू तुमची होती."

"मग गेलात कशाला?"

"तुमच्या मुद्द्याला मी हरलो नाही, बाई. तुम्ही आला नाहीत. दोन शनिवार. त्याला मात्र माझ्याकडं उत्तर नव्हतं."

खाली रस्त्यावर उसाच्या गाड्या अडकल्या होत्या आणि सगळे मिळून हॉर्न वाजवत होते. काका म्हणाले, चला, तुम्ही बदललीत, आता मलाही बदलली पाहिजे. मी आता जाण्याच्या बाजूनं बोलतो. आणि त्या बारीक आवाजात, मध्ये मध्ये दम घेत, ते बोलायला लागले. इथं आलो ते कसं योग्य झालं. मुलगा रोज संध्याकाळी पाय चेपतो. धाकटी नात त्यांच्याजवळ झोपते. मेलो तर दहा माणसं शोधत फिरावं लागणार नाही. भाषा काय, दोन वर्षांत येईल. शेजारचा मुलगाही शिकेल हळूहळू भांडायला. मुद्दे कच्चे होते. कारखान्यातल्या माणसाला शेळीतलं कळतं का असं मी एकदा विचारलं होतं. तेव्हाचा तो माणूस असले मुद्दे एका वाक्यात उडवून देत असे. प्रत्येक मुद्द्यानंतर ते थांबत होते. ती थांबायची जागा माझी होती. त्यांनी वर्षभर ज्या एका गोष्टीची वाट बघितली होती ती मी तिथं द्यायची होती.

पण ते मुद्दे मोडायचे म्हणजे काय, हे मला तिथं गच्चीवर बसून कळलं. मोडले असते तर त्यांच्या हातात काय राहिलं असतं? चुकून, एका बाईच्या अहंकारापायी, परक्या भाषेत मरायला आलो, एवढंच. शेवटचा मुद्दा सांगून झाला. ते थांबले. त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"बरोबर आहे, काका," मी म्हटलं.

शब्द तोंडातून गेला आणि मला कळलं की मी त्या शेजारच्या मुलासारखीच बोलले. त्यांनाही कळलं. मग त्यांनी विचारलं, तिकडं ऊस तुटला का.

मी म्हटलं, तुटतोय अजून.